‘नेहमीची औषधे’ आणि डिस्चार्ज कार्ड

डहाणू रोड स्थानकालगतचा बाजार असो वा तलासरीचा नाका, मेडिकलच्या काउंटरवर आलेले जुने गिऱ्हाईक औषधांची नावे क्वचितच घेते. ‘बापूजींची नेहमीची द्या’ एवढेच म्हणते. दुकानदारही वहीत वा संगणकात एकदा नजर टाकून रक्तदाबाची, मधुमेहाची, कोलेस्टेरॉलची पाकिटे समोर ठेवतो. महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे हा व्यवहार बिनबोभाट चालतो. व्यापारी मंडळींना हा प्रकार बँकेतील स्थायी सूचनेसारखा वाटावा. एकदा सही करून दिली की ठरल्या तारखेला रक्कम आपोआप वर्ग होते. मात्र लेखी रद्द केल्यावाचून ती सूचना थांबत नाही.

घरातील वडीलधारी व्यक्ती रुग्णालयात दाखल होऊन परत येते, तेव्हा अडचण नेमकी इथेच उद्भवते. हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायू, न्यूमोनिया, मूत्रपिंडाचा विकार, कारण काहीही असो. तेथील डॉक्टर जुन्या गोळ्यांपैकी काही बंद करतात, काहींची मात्रा बदलतात, काही नव्या सुरू करतात, एखादी तात्पुरती स्थगित ठेवतात. हे निर्णय रुग्णालयात होतात. ‘नेहमीची’ यादी मात्र गावातल्या दुकानात जशीच्या तशी राहते. महिना संपतो, दुकानातला मुलगा पाकिटे घरपोच करतो आणि बंद झालेले औषध पुन्हा घरात येते.

डिस्चार्ज कार्ड नीट पाहिले म्हणजे उणीव कोठे आहे ते कळते. कार्डावर निदान असते, तपासण्यांचे आकडे असतात, दिलेल्या उपचारांची हकीकत असते आणि अखेरीस घरी घ्यावयाच्या औषधांची यादी असते. काय घ्यायचे ते ही यादी सांगते. काय घ्यायचे नाही, यासाठी बहुतेक कार्डांवर रकानाच नसतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर अखेरची शिल्लक छापलेली असते, पण आरंभीच्या शिलकेपासून ती कशी निघाली, त्या मधल्या नोंदी नसतात. त्यामुळे घरच्यांना वाटते की नवी यादी ही जुन्या यादीत पडलेली भर आहे. डॉक्टरांच्या मनात ती जुन्या यादीच्या जागी आलेली असते. एवढ्याशा गैरसमजातून रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढतो.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊन आकडेमोड करू. सत्तरीतील एक व्यापारी गृहस्थ आधीपासून चार गोळ्या घेत आहेत, असे समजा: रक्त पातळ राहावे म्हणून इकोस्प्रिन ७५, कोलेस्टेरॉलसाठी स्टोर्वास, रक्तदाबासाठी टेल्मा ४० आणि मधुमेहासाठी ग्लायकोमेट. छातीत दुखले, दाखल केले, अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवला. घरी येताना कार्डावर इकोस्प्रिन गोल्ड नावाची कॅप्सूल आहे आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व मेटोप्रोलॉल एकत्र असलेली दुसऱ्याच कंपनीची गोळी आहे. नावे नवी, रंग नवे, पाकिटे नवी. घरच्यांनी जुना डबा आणि नवी पिशवी शेजारी ठेवून दोन्ही सुरू केले. आता इकोस्प्रिन गोल्डमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन ही तीनही औषधे आहेत. जुन्या डब्यातील इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच, आणि स्टोर्वास म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन. रक्तदाबाच्या नव्या गोळीत टेल्मिसार्टन आहे, जुन्या टेल्मामध्येही तेच. म्हणजे चार जुन्या गोळ्यांपैकी तीन दुहेरी पडल्या. ॲस्पिरिन दुप्पट झाल्यास पोटात रक्तस्राव होण्याची भीती. टेल्मिसार्टन दुप्पट झाल्यास रक्तदाब एकदम खाली येऊन माणूस उठताना कोसळतो, शिवाय रक्तातील पोटॅशियम वाढते. घरच्यांना मात्र वाटते, ‘ऑपरेशनमुळे अशक्तपणा आला आहे.’

चौथ्या गोळीची गोष्ट उलट दिशेची आहे. अँजिओग्राफीसाठी रक्तवाहिनीत जे रंगद्रव्य सोडतात, त्याचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. म्हणून मूत्रपिंड कमकुवत असलेल्या रुग्णांत ग्लायकोमेटमधील मेटफॉर्मिन हे औषध थांबवतात आणि सुमारे ४८ तासांनी क्रिएटिनिन तपासून पुन्हा सुरू करतात. कार्डावर ते दिसले नाही म्हणून ते कायमचे बंद झाले असे घरचे समजतात आणि साखर महिनाभर चढती राहते. याहून गंभीर चूक ‘१५ दिवस’ या शब्दांची होते. कार्डावर १५ दिवस लिहिलेले असते ते पुढच्या तपासणीपर्यंत. घरी त्याचा अर्थ ‘१५ दिवसांनी गोळी संपली’ असा घेतला जातो. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांना न विचारता थांबवली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते.

हे सारे कोणी पाहायचे? रुग्णालयातील डॉक्टरांना नवी यादी ठाऊक असते. जुनी यादी दाखल करतानाच्या गडबडीत घरच्यांनी सांगितली तेवढीच. गावातील कौटुंबिक डॉक्टरांना जुनी यादी ठाऊक असते, पण त्यांच्याकडे रुग्ण जातो आठ-दहा दिवसांनी. पहिल्याच संध्याकाळी, अनेकदा घरी पोहोचण्याआधीच, ज्याच्या हातात नवा कागद पडतो आणि ज्याच्या वहीत जुनी यादी आहे, असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे गावातला फार्मासिस्ट. महिनाअखेर रोकडवही आणि बँकेचे विवरणपत्र समोरासमोर ठेवून ताळमेळ घालतात. दोन्ही कागद एका मेजावर आल्याशिवाय तो घालता येत नाही, आणि औषधांच्या बाबतीत ते मेज मेडिकलचा काउंटर हे आहे.

कायद्यानेही हे काम त्याच्याकडे सोपवले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. २०१५ साली अधिसूचित झालेल्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी त्याच्यावर रुग्णाला समुपदेशन करण्याचीही जबाबदारी टाकली. औषधाचे नाव व उपयोग, मात्रा, घेण्याची पद्धत, किती दिवस घ्यायचे, कोणते दुष्परिणाम दिसल्यास सावध व्हायचे, औषध कसे साठवायचे, एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, हे सर्व त्याने समजावून सांगणे अपेक्षित आहे. मात्र त्याच्या अधिकाराला स्पष्ट मर्यादाही आहे. चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी त्याने आपल्या मताने दुसरे देऊ नये, असा औषध नियमांतील ६५ व्या नियमाचा दंडक आहे. आणि एखादी गोळी बंद करण्याचा निर्णयही डॉक्टरांचाच असतो. म्हणून ‘ही जुनी गोळी टाकून द्या’ असे त्याने परस्पर सांगणे योग्य नव्हे. ‘ही दोन एकच औषधे दिसतात, डॉक्टरांना विचारून घेऊ’ असे म्हणून फोन उचलणे हे त्याचे काम. डिस्चार्ज कार्डावर रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक सहसा छापलेला असतो. त्याचा उपयोग व्हावा.

डहाणू-तलासरीच्या बाबतीत हा ताळमेळ अधिक अवघड आहे, त्याला भूगोल कारण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणूत उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु हृदयाचे, मेंदूचे वा मूत्रपिंडाचे गुंतागुंतीचे दुखणे उद्भवले की माणसे महामार्गाने वापी-वलसाडकडे वा सिल्वासाकडे धाव घेतात, नाहीतर मुंबई गाठतात. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, तेव्हापासून मुंबईची वाटही सोपी झाली. परिणामी एकाच बाजारपेठेतील फार्मासिस्टसमोर महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा-नगर हवेली अशा तीन प्रशासनांतील रुग्णालयांची कार्डे येतात. कागद इंग्रजीत, डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले गुजरातीत किंवा हिंदीत, घरात बोलली जाते वारली वा मराठी. कार्डावर ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एचएस’, ‘एसओएस’ अशी संक्षिप्त अक्षरे. त्यांतील ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. ती गोळी रोज घेणारे रुग्ण थोडे नाहीत. ‘नरणे कोठे’ म्हटलेले गुजराती घरात लगेच कळेल, वारली पाड्यावर कळेलच असे नाही. तेथे ‘काही खायच्या आधी, सकाळी उठल्यावर’ असेच सांगावे लागते.

तलासरी, डहाणू हे आदिवासीबहुल तालुके. येथील आपल्या समाजाच्या दुकानांचा मोठा ग्राहकवर्ग हाच आहे, हे विसरून चालणार नाही. सरकारी रुग्णालयातून मोफत मिळालेल्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘अमलोडिपिन’ असे मूळ औषधाचे नाव असते. तीच बाई आधी बाजारातून ‘अमलोकाइंड’ घेत असेल, तर दोन वेगळी औषधे म्हणून दोन्ही घेत राहण्याचा संभव मोठा. त्यातच स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या देण्याची जुनी सवय. कापलेल्या तुकड्यावर नावही राहत नाही, मुदतीची तारीखही राहत नाही. पुढे तो तुकडा कोणत्या औषधाचा, हे सांगणे जाणकारालाही कठीण जाते. गोळ्या कापून द्याव्याच लागल्या, तर लहान पाकिटात घालून त्यावर औषधाचे नाव लिहावे आणि उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य व चंद्र काढून वेळा दाखवाव्यात. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळते आणि खर्च काहीच नाही. पावसाळा व भातकापणी संपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामासाठी बाहेर पडतात. तेव्हा आशाताई दूर राहतात आणि औषधांची माहिती त्या पाकिटावर जेवढी असेल तेवढीच सोबत जाते.

आपल्या घरांतील अडचण निराळी आहे, आणि तिच्याविषयी रुग्णालयात कोणी विचारत नाही. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. कार्डावर मात्र सरळ ‘१-०-१, जेवणानंतर’ असे लिहिलेले असते. रात्री नऊची गोळी मग दोनच मार्गांनी जाते: एक तर नियम मोडल्याची चुटपूट लावून, नाहीतर मुकाट्याने गाळून. गाळणारे वडीलधारे घरात सांगत नाहीत, डॉक्टरांना तर मुळीच सांगत नाहीत. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, सूर्योदय सातनंतर; त्यात नवकारसीची ४८ मिनिटे मिळवली, तर संध्याकाळच्या आणि सकाळच्या मात्रेत सुमारे १४ तासांचे अंतर पडते. काही औषधांना हे चालते, काहींना चालत नाही. ॲटोरव्हास्टॅटिन दिवसातून एकदा कोणत्याही ठरावीक वेळी घेता येते; डॉक्टरांच्या संमतीने ते संध्याकाळच्या भोजनाबरोबर घेता येईल. याउलट टिकाग्रेलॉरसारखे स्टेंटनंतरचे औषध सुमारे बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा घ्यायचे असते. तेथे वेळ बदलण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारलेच पाहिजे, आणि कदाचित दिवसातून एकदाच घ्यावयाचे दुसरे औषध ते लिहून देतील. मधुमेहातील ग्लिमेपिराइडची गोळी जेवणाशी जोडलेली असते. आयंबिल, एकासन वा उपवासाच्या दिवशी ती नेहमीप्रमाणे घेतली, तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. पर्युषणाच्या आधी आठ दिवस हा प्रश्न विचारला, तर त्याला शांतपणे उत्तर मिळते. संवत्सरीच्या सकाळी विचारला, तर मिळत नाही. ज्या दुकानाचा मालक स्वतः चौविहार पाळतो, त्याने समोरच्या श्रावकाला ‘रात्रीचे कसे करता?’ एवढे विचारायला संकोच का वाटावा?

जगात इतरत्र या कामाची दखल घेतली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी गंभीर व टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत ५० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात लक्ष देण्याची तीन क्षेत्रे निवडली: अधिक धोक्याचे प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधे घेणे, आणि रुग्णाचे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. डिस्चार्जच्या दिवशी सत्तरीतील हृदयरुग्णाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र आलेल्या असतात. इंग्लंडमध्ये १५ फेब्रुवारी २०२१ पासून अशी सेवा सुरू झाली, की रुग्ण घरी निघताच त्याच्या औषधांतील बदल रुग्णालय थेट त्याच्या नेहमीच्या फार्मसीला संगणकावरून कळवते. फार्मासिस्ट तीन टप्प्यांत काम करतो. ७२ तासांच्या आत जुनी-नवी यादी पडताळतो, डिस्चार्जनंतरची पहिली चिठ्ठी तिच्याशी जुळवतो, आणि मग रुग्णाशी बोलून त्याला काय समजले ते पाहतो. या कामाचे त्याला ३५ पौंड मिळतात.

व्यापारी वाचकांचे लक्ष त्या ३५ पौंडांवर थांबेल, आणि थांबावेही. आपल्याकडे फार्मासिस्टला सल्ल्याचा एक पैसाही मिळत नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला आहे. तो विक्रीवर मिळतो, न विकण्यावर नाही. दुहेरी पडलेली गोळी ‘घेऊ नका, आधी विचारू’ असे सांगणारा दुकानदार आपलीच विक्री कमी करत असतो. शिवाय संध्याकाळची गर्दी असते, मोबाइलवर आलेल्या मागण्या असतात, घरपोच सेवा द्यायची असते. कित्येक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि प्रमाणपत्राचा धनी जागेवर नसतो, ही तक्रार जुनीच आहे. ज्या कुटुंबांची स्वतःची मेडिकल दुकाने आहेत, त्यांनी या बाबतीत स्वतःशी स्पष्ट असावे. फार्मासिस्टचा पगार हा परवान्यासाठीचा खर्च म्हणून खतावला जातो, तेव्हा त्याच्याकडून काम घेण्याचा विचारच होत नाही. डिस्चार्ज कार्ड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला बाजूच्या बाकावर बसवून दहा मिनिटे देणे ज्या दुकानाला परवडते, त्याच दुकानात ते घर पुढची वीस वर्षे येते. ऑनलाइन सवलतीशी किमतीत स्पर्धा करणे गावच्या दुकानाला जमणार नाही. जुनी यादी ओळखणारा माणूस समोर असणे, ही एक गोष्ट त्याच्यापाशी आहे.

घरच्यांच्या बाजूनेही थोडी शिस्त लागते. डिस्चार्ज सहसा निवांतपणे होत नाही. बिलाची जुळवाजुळव, विम्याची मंजुरी, गाडीची व्यवस्था यांतच दिवस जातो. रोकडरहित विम्यात रुग्णालयाची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असे विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये बजावले. तरी वापीहून निघालेली गाडी डहाणूत पोहोचेपर्यंत दिवेलागण होऊन जाते. अशा वेळी कार्डाचा फोटो दुकानदाराला पाठवून ‘एवढे पाठवून द्या’ म्हणणे सोयीचे वाटते. पण फोटोवरून औषध पोहोचते, प्रश्न विचारला जात नाही. पहिल्या खेपेला तरी औषधे हाताळणारी घरातली व्यक्ती स्वतः दुकानात जावी. आणि ती बहुधा सूनबाई वा सासूबाई असते, बिल भरणारा मुलगा नव्हे. रुग्णालय सोडण्यापूर्वी जुन्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवून प्रत्येक नावापुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘अमुक तारखेपर्यंत थांबवली’ असे त्यांच्याच हाताने लिहवून घ्यावे. चौविहार वा तप असेल, तर तेही त्याच वेळी सांगावे. गुडघ्याच्या दुखण्यासाठी अधूनमधून घेतली जाणारी गोळी, चूर्ण, काढा, दुसऱ्या डॉक्टरांचे डोळ्यांचे थेंब हेही यादीत यावेत. वेदनाशामक गोळ्या हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना विशेष बाधतात, आणि त्या कोणी औषधांत मोजत नाही.

दुकानात जाताना केवळ कार्ड नेऊ नये, घरातील औषधांचा डबाही न्यावा. बहुतेक घरांत तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात अर्ध्या स्ट्रिपा, मुदत संपलेली मलमे, कोणाची तरी राहिलेली प्रतिजैविके सापडतात. फार्मासिस्टने तो काउंटरवर रिकामा करून कार्डाशी एकेक पाकीट जुळवावे, शंका असेल तेथे रुग्णालयाला फोन करावा, आणि उत्तर मिळेपर्यंत ते पाकीट वेगळ्या पिशवीत ठेवून द्यावे. न उघडलेली, अलीकडे घेतलेली पाकिटे पावतीवर परत घेण्याची रीत ओळखीच्या दुकानांत असतेच. डबा हलका झाल्यावर एक काम उरते, आणि ते गिऱ्हाईक निघून जाण्यापूर्वीच करावे: आपल्या वहीतील वा संगणकातील त्या घराच्या नावापुढची जुनी ‘नेहमीची’ यादी खोडून नवी यादी, डिस्चार्जची तारीख आणि रुग्णालयाचे नाव लिहावे, म्हणजे पुढच्या महिन्यात काउंटरवर दुसराच मुलगा उभा असला, तरी त्याच्या हातून जुनी पाकिटे जाणार नाहीत.